अर्ध्या बँडचं सोवळं

साडेपाच आणि सहा यांच्यात किती अंतर असतं?

आमच्या सूतगिरणीत, रिंग खात्यात, तिसऱ्या पाळीला पहाटेचे साडेपाच ते सहा हा सगळ्यात हरामखोर अर्धा तास. डोळ्यांत कापूस भरल्यागत होतं. धागा तुटलेला दिसतो आणि हात उचलत नाही. पण तोही सरतो. सातला पाळी सुटते, चहा पोटात पडतो. माझ्या धाकट्या बहिणीचं साडेपाच आणि सहामधलं अंतर मात्र अजून सरलेलं नाही.

ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. पहिल्या वर्गात. इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने तिला पुढं शिकायला घ्यायचं कबूल केलं आणि पत्राच्या खाली एक ओळ टाकली. इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसहा बँड पाहिजेत, आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली चालणार नाही. तिला ऐकण्यात सात, वाचण्यात सात, बोलण्यात साडेसहा, लिहिण्यात साडेपाच. बेरीज करा, चाराने भागा. बरोबर साडेसहा. म्हणजे एकूण पास. पण लिहिण्यात अर्धा बँड कमी. विषय संपला.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बँड? वरातीचा व्हय?" आमच्या मागच्या गल्लीत बँडवाले राहतात. दुसऱ्यांच्या वराती वाजवून त्यांच्या चुली पेटतात. आईला तेवढाच बँड ठाऊक. धाकटी रडता रडता हसली. मी नाही हसलो. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. संपादकांनी कविता मागितली होती. कविता पुढच्या अंकात.

मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात मी हा विषय काढला. तर आपलाच एक साथी, शिकलेला, चांगल्या नोकरीतला, उठून म्हणाला, "इंग्रजी ही आपल्या मुक्तीची भाषा आहे. परीक्षेला काय भ्यायचं? बाबासाहेबांनी कुठं सवलत मागितली?" टाळ्या पडल्या. मी रात्रपाळी करून सरळ तिथं गेलो होतो, तोंडातून शब्द फुटेना. आता फुटतायत.

इंग्रजीशी माझं भांडण नाही हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कुणीतरी मला मराठीच्या पालखीला भोई म्हणून जुंपेल. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त आपल्या लोकांना इंग्रजी शिकायला सांगितलं, ते मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, हेही आपल्याला पाठ आहे. देवभाषेने दार लावलं आणि परक्या भाषेने उघडलं, हा हिशोब मी विसरणारा नाही. मी स्वतः नववीत शाळा सोडली. मला जी काय इंग्रजी येते ती मशीनवरच्या पाट्या आणि रद्दीच्या दुकानातली पुस्तकं यांच्यावरून आलेली. डिक्शनरीची पहिली दहा पानं गायब होती, म्हणून माझी इंग्रजी 'ए'च्या मधूनच सुरू होते.

पण एक विचारतो. रिंग, स्पिंडल, ट्रॅव्हलर, रोव्हिंग, बॉबीन, काउंट, ट्विस्ट. आमच्या खात्यातली सातवी नापास बाई हे शब्द एका पाळीत शंभर वेळा बोलते आणि एकदाही चुकीच्या जागी वापरत नाही. सूत बोटात धरून पीळ कमी पडलाय की जास्त झालाय ते सांगते. याला कुणी इंग्रजी येणं म्हणत नाही. शहरातून ट्रेनी इंजिनिअर येतो, फाडफाड बोलतो, त्याला तीन महिने तुटलेला धागा सांधता येत नाही. त्याला मात्र इंग्रजी येतं. म्हणजे इंग्रजी येतं म्हणजे नक्की काय येतं?

धाकटीचंच घ्या. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची आणि मग गावातली मराठी शाळा. अकरावी सायन्सला बसली आणि पहिल्याच तासाला सरांनी तोंड उघडलं ते इंग्रजीत. कालपर्यंत जो प्राणवायू होता तो ऑक्सिजन झाला, वस्तुमानाचं मास झालं, आणि वर्गातली आपली निम्मी पोरं दिवाळीपर्यंत आर्ट्सला पळाली. ही टिकली. वहीच्या मागच्या पानांवर स्वतःची डिक्शनरी करत टिकली. बी.एस्सी. तीन वर्षं, एम.एस्सी. दोन वर्षं, प्रत्येक पेपर इंग्रजीत, जर्नल इंग्रजीत, तोंडी परीक्षा इंग्रजीत. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तेव्हापासून या मुलखात वरचं शिक्षण इंग्रजीतच चाललंय. ज्यांनी ती भाषा आमच्या कॉलेजांवर लादली, त्यांचेच नातू आज विचारतात, तुम्हाला इंग्रजी येतं याला पुरावा काय? आणि पुरावा गोळा करायची फी सतरा-अठरा हजार रुपये!

माझा महिन्याचा पगार, कंत्राटी, हातात येतो बारा हजार आठशे.

या परीक्षांचा दाखला चालतो दोन वर्षं. दोन वर्षांनी तुमची इंग्रजी शिळी. एम.एस्सी.ची पदवी मरेपर्यंत टिकते, जातीचा दाखला तर मेल्यावरही टिकतो, पण इंग्रजी भाकरीसारखी वास मारायला लागते. नवी भाजून आणा, नवे पैसे मोजा. एक भाग चुकला तर तेवढाच पुन्हा देता येतो असं आता निघालंय. त्याचेही पैसे निराळे, आणि तसला निकाल सगळी विद्यापीठं धरत नाहीत. मग विद्यापीठाचा दुसरा उपाय असतो, आधी आमच्याकडे काही आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स करा. फी पौंडात. रोग त्यांनीच ठरवायचा, औषध त्यांनीच विकायचं. २०२१ साली आयईएलटीएसचा भारतातला धंदा ब्रिटिश कौन्सिलने आयडीपी या कंपनीला विकला. किंमत तेरा कोटी पौंड. तेरा कोटी पौंड कुणी भाषेच्या प्रेमापोटी मोजत नाही. आपल्या पोरांच्या रांगेची किंमत आहे ती.

"पण सूट असते की," असं तो साथी म्हणालाच. असते. सुटीचीच कथा ऐका.

काही विद्यापीठं म्हणतात, तुमच्या कॉलेजकडून लिहून आणा की शिक्षण इंग्रजीत झालं. धाकटी कॉलेजात गेली. कारकून म्हणाला, असला काही फॉर्म आमच्याकडे नाही. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. तिसऱ्यांदा मी गेलो, पाळी बुडवून. त्याने बोनाफाईड दिलं, त्यावर शिक्षणाच्या माध्यमाची ओळच नाही. म्हटलं, साहेब, ती एक ओळ टाका. तो म्हणाला, "टाकली असती रे, पण इंग्रजीत काय लिहायचं ते तू लिहून आण." मी लिहून दिलं. नववी नापासाने. त्याखाली सही-शिक्का होऊन ते पत्र समुद्रापार गेलं, आणि तिकडून उत्तर आलं की आपल्या अर्जाच्या बाबतीत हे पुरेसं नाही.

दुसरी सूट बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर. तिथेही वर्णव्यवस्था आहे. कित्येक ठिकाणी केंद्रीय बोर्डाच्या पोरांना एक आकडा आणि राज्यांच्या बोर्डांना त्याच्या वरचा. म्हणजे बदलीच्या नोकरीतल्या साहेबाचं पोरगं आणि झेडपीच्या शाळेतलं पोरगं यांच्यातली इथली पायरी तिकडच्या कागदावरही उमटलेली. धाकटीला बारावीला इंग्रजीत चौसष्ट. कुठल्याच आकड्यात बसत नाही.

तिसरी सूट जन्माची. ब्रिटिश सरकारची यादी आहे, कुठल्या देशाच्या नागरिकाला व्हिसासाठी इंग्रजी सिद्ध करावं लागत नाही त्याची. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड तर आहेतच. त्रिनिदाद आहे, गयाना आहे, जमैका आहे. भारत नाही. नायजेरिया नाही. त्रिनिदाद-गयानात ऊस तोडायला गोऱ्यांनी इथूनच जहाजं भरभरून माणसं नेली होती, गिरमिटाच्या करारावर. त्यांच्या पणतवंडांना इंग्रजी येतं हे गृहीत. इथं मागं राहिलेल्यांनी मात्र सिद्ध करायचं. त्रिनिदादच्या भावांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांनी ती सूट घामाने मिळवली. मी एवढंच म्हणतो की यादी जन्मावर चालते. जन्मावर चालणाऱ्या याद्या आपण ओळखतो.

आता बाबासाहेबांची गोष्ट. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या होत्या म्हणून सावकाश सांगतो.

१९१३. जूनमध्ये बडोद्याला करार झाला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात. वय बावीस. एल्फिन्स्टन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाची बी.ए., हाच इंग्रजीचा दाखला. टोफेल नावाची परीक्षा पहिल्यांदा झाली १९६४ साली. बाबासाहेब गेले १९५६ ला. जी परीक्षा जन्मालाच आली नव्हती तिच्यात त्यांनी सवलत मागितली नाही म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, आधी तारखा बघा!

त्याच १९१३ साली केंब्रिजने परक्यांसाठी इंग्रजी प्रावीण्याची आपली पहिली परीक्षा घेतली. बारा तासांची. बसले किती? तीन. पास किती झाले? एकही नाही. हे वाचलं तेव्हा मी खात्यात एकटाच हसत होतो, जॉबरला वाटलं पोरगं झोपेने गेलं. तेच केंब्रिज आज आयईएलटीएसच्या मालकांपैकी एक आहे.

आणि त्याच १९१३ च्या जानेवारीत मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डीला गणितांनी भरलेलं पत्र पाठवलं. रामानुजन. कुंभकोणमच्या कॉलेजात हाच पोरगा इंग्रजी निबंधात नापास झाला आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. इथली पदवी त्याला कधी मिळाली नाही. हार्डीने निबंध मागितला नाही. गणित वाचलं, आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावून घेतलं. रामानुजन ब्राह्मण होता, त्याला पत्र लिहायला टेबल होतं, गावाची वेस आडवी आली नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण एकाच विद्यापीठाची ही दोन टेबलं. एका टेबलावर तीन माणसं इंग्रजीत नापास होतात. दुसऱ्या टेबलावर इंग्रजीत नापास झालेल्याचं गणित वाचलं जातं. विज्ञान कुठल्या टेबलावर झालं?

जपानचा मास्कावा. २००८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. मला इंग्रजी बोलता येत नाही असं स्टॉकहोमच्या व्यासपीठावर सांगून त्याने नोबेलचं भाषण जपानीत दिलं. कुणी खाली उतरवलं नाही. त्याला हे जमलं कारण जपानमध्ये जपानीत वरपर्यंत भौतिकशास्त्र शिकता येतं. आपली मराठी ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात झाली, पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत एम.एस्सी. करून दाखवा. ज्या सद्गृहस्थांनी फेटे बांधून मिरवणूक काढली त्यांची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत ते विचारा, आणि मग आम्हाला सांगा की विज्ञान मातृभाषेत शिका म्हणून. शिकू. आधी तुमची बसवा, शेजारच्या बाकावर आमची येतीलच. तोवर आम्हाला तिकडून इंग्रजी आणि इकडून मराठी असं दोन्हीकडून चेपू नका.

१९१३ मधून मला जी खरी गोष्ट घ्यायचीय ती वेगळीच आहे. पैसा आधी आला. दार नंतर.

आज काय आहे? केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. काश्मीर ते कन्याकुमारी मिळून एवढ्याच. राज्याची शाहू महाराजांच्या नावाची आहे, तिच्या ७५. केंद्राच्या शिष्यवृत्तीत फी मिळते, राहण्याखाण्याचा खर्च मिळतो, विमानाचं भाडं, व्हिसाची फी, विमासुद्धा. चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण अर्ज करताना हातात विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र पाहिजे, आणि ते विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत वरच्या पाचशेतलं पाहिजे. विद्यापीठ विनाअट पत्र कधी देतं? इंग्रजीचा आकडा दाखवल्यावर. आकडा कधी मिळतो? फी भरल्यावर, क्लास लावल्यावर, पुण्याला जाऊन राहिल्यावर. तो पैसा कुणाचा? आपला. म्हणजे विमानाचं भाडं सरकार देणार, पण विमानापर्यंत जाणाऱ्या एस.टी.चं तिकीट काढायला खिशात पैसे नाहीत त्याला विमान दिसणारच नाही. गाळणी शिष्यवृत्तीच्या आधी लावलीय. मग गाळून वर जे येतात त्यांच्यात आपल्यातल्याच साहेबांची पोरं जास्त दिसली तर नवल कसलं? पोरांचा दोष नाही. पण झाडूवाल्याची पोर अर्जापर्यंत पोचलीच नाही, हे कुठल्याच आकडेवारीत येत नाही, कारण तिने अर्जच केलेला नसतो.

१९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. ते माणगाव आमच्या गिरणीवरून सायकलने गाठता येतं. मी जातो कधी कधी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, पोरं आधी आत घेतली, जेवायला घातली, मग शिकवली. त्यांच्या नावाने पैसा वाटणाऱ्यांना हा क्रम कळू नये?

आता परीक्षेच्या आत डोकावू. बोलण्याच्या भागात तुम्हाला एक कार्ड देतात आणि त्यावर दोन मिनिटं बोलायला लावतात. क्लासवाले सराव घेतात तो असा: तुम्ही केलेल्या एखाद्या प्रवासाबद्दल सांगा. आवडत्या हॉटेलबद्दल सांगा. सुट्टी कशी घालवता? धाकटीने सुट्टी कशी घालवली? आईबरोबर भांगलणीला जाऊन. ते इंग्रजीत कसं सांगायचं हे क्लासमध्ये शिकवत नाहीत. तिला मास्तरने सांगितलं, "खोटं बोला. गोव्याला गेलो होतो म्हणा. मार्क भाषेला आहेत, खऱ्याला नाहीत." तिने गोवा पाठ केला. बीच, सनसेट, सीफूड. एम.एस्सी.च्या पोरीने, जी तुम्हाला एका रेणूची रचना फळ्यावर उलगडून दाखवेल, तिने न पाहिलेला समुद्र पाठ केला आणि साडेसहा मिळवले. प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं की जे दिसलं नाही ते लिहायचं नाही.

२०२० मध्ये कोविडात घरून परीक्षा द्यायची सोय झाली, काही स्वस्त परीक्षाही पुढं आल्या, बरीच विद्यापीठं त्या मानू लागली. आम्ही म्हटलं, चला, हे आपल्यासाठी. नियम वाचले. खोलीत परीक्षार्थी एकटा पाहिजे. दार बंद पाहिजे. दुसऱ्याचा आवाज नको, दुसरं कुणी कॅमेऱ्यात दिसता कामा नये. आमची खोली दहा बाय बाराची. माणसं पाच. दार म्हणजे पडदा. पलीकडे यंत्रमागाची खटखट चोवीस तास. आई म्हणाली, "आमी बाहीर बसतो की गं." आई बसेल. माग कसा बंद करायचा? दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन तिचे बँड वाढवायचे?

आणि पास झालात तरी सुटलात असं समजू नका. ब्रिटनमध्ये २०१४ साली टोइक नावाच्या इंग्रजी परीक्षेच्या काही केंद्रांवर लबाडी उघडकीला आली. लबाडी खरी होती. मग परीक्षा घेणाऱ्या कंपनीने ५८ हजारांवर निकाल तपासले आणि त्यातले ९७ टक्के संशयित ठरवले. ३३ हजारांहून जास्त सरळ बाद. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले, पोरांना कोठडीत टाकलं, परत पाठवलं. त्यात अस्खलित इंग्रजी बोलणारी पोरंही होती, जी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. इंग्रजीत ओरडून सांगत होती की आम्हाला इंग्रजी येतं.

अमेरिकेतली तऱ्हा थोडी निराळी. विज्ञानातल्या पीएच.डी.ला तिथं पुष्कळदा घरून पैसे न्यावे लागत नाहीत. खालच्या वर्गांना शिकवायचं, प्रयोग घ्यायचे, त्या बदल्यात फी माफ आणि पोटाला मिळतं. गरिबाच्या पोराला हाच खरा रस्ता. पण शिकवायचं काम मिळवायला कित्येक ठिकाणी बोलण्याच्या भागात वेगळा, जास्तीचा आकडा लागतो. प्रवेशाला एक उंबरा, भाकरीला दुसरा. मी मानतो की समोरच्या पोरांना मास्तरचं बोलणं कळलं पाहिजे. प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटलीवरची सूचना वाचता आली पाहिजे, नाहीतर हात जळेल. भाषा लागतेच. मग तिथं नेऊन शिकवा की! सहा महिन्यांत आमची पोरं तुमच्यासारखी बोलतील, आम्ही गिरणीत गुजराती, कानडी, भोजपुरी तिन्ही भाषांत शिव्या शिकलो ते कुठल्या क्लासात जाऊन?

त्याच अमेरिकेत २०१९ साली भौतिकशास्त्राच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांचा एक अभ्यास छापून आला. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पीएच.डी. पुरी होणं यांचा फारसा मेळ बसत नाही, पण त्या गुणांच्या चाळणीतून बायका आणि काळे विद्यार्थी मात्र जास्त गळतात, असं निघालं. त्या सुमारास कित्येक विज्ञान विभागांनी जीआरईची अट काढून टाकली. का काढली? कुणीतरी आतून विचारलं म्हणून. काळ्यांनी तिथं विचारायची सवय लावलीय. आपण पँथरचं नाव तिकडून घेतलं, ही सवय घेतली का? इंग्रजीच्या आकड्याबद्दल आपल्यातला कुणी विचारायला लागला की आपणच त्याला टाळ्या वाजवून खाली बसवतो. वर पोचलेल्यांना वाटतं, आपण पास झालो म्हणजे परीक्षा खरी असली पाहिजे. साथी, तुझे बँड साडेसात होते. तुझे वडील बँकेत होते. मी तुझा हिशोब मांडत नाही, पण तू धाकटीचा मांडू नकोस.

मागायचं काय ते मी अभ्यासवर्गात नीट बोललो नव्हतो, म्हणून इथं. परीक्षेची फी आणि क्लासचा पैसा निकालानंतर नको, आधी पाहिजे, आणि एकदा नापास झालं तर दुसऱ्यांदाही पाहिजे, कारण पैसेवाल्याचं पोरगं तीनदा देतं आणि तिसऱ्यांदा हुशार ठरतं. शिष्यवृत्तीला अट घातलेलं प्रवेशपत्र चाललं पाहिजे. अट पुरी व्हायला मुदत द्या, तेवढी सावकार पण देतो. प्रत्येक कॉलेजने माध्यमाचा दाखला निकालपत्राबरोबरच द्यावा, म्हणजे कुणाला कारकुनाला इंग्रजी शिकवायला लागणार नाही. आणि या सरकारने परदेशी सरकारांशी बोलताना यंत्रं, तेल, विमानं यांच्याबरोबर हेही एकदा विचारावं की आमच्या पदव्या तुम्ही कोऱ्या कागदासारख्या का वाचता. शेवटचं होणार नाही, मला माहीत आहे. पहिली तीन होण्यासारखी आहेत. त्यांना लंडन लागत नाही, मुंबई आणि दिल्ली पुरते.

धाकटीची पुढची तारीख लागलीय. फीतले सहा हजार माझ्या ओव्हरटाइमचे, चार आईच्या भिशीचे, बाकीचे रिंग खात्याने वर्गणी काढून दिले. त्या सातवी नापास बाईने दोनशे दिले आणि म्हणाली, "लिवायला सांग तिला, घाबरू नको म्हणावं." आता रोज संध्याकाळी, मी पाळीला निघायच्या आधी, घड्याळ लावून बसतो. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द. काल विषय आला होता, विद्यापीठाचं शिक्षण फुकट असावं की नसावं. तिने दोनशे सत्तर शब्द लिहिले. मी मोजले. दोन शब्द मला कळले नाहीत, ते विचारले. ती म्हणाली, "दादा, डिक्शनरीत बघ." मी म्हटलं, पहिल्या दहा पानांत असतील तर मिळायचे नाहीत.

ज्यांच्याकडे अशा पावत्या आहेत, असे निकाल आहेत, अर्ध्या बँडने गेलेली पत्रं आहेत, त्यांनी त्यांच्या नकला अंकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव नको असेल तर खोडा, आकडे खोडू नका. पन्नास झाल्या की गठ्ठा घेऊन समाजकल्याणच्या ऑफिसात जायचं ठरलंय. दिवस सोमवार, कारण मंगळवारपासून माझी पहिली पाळी आहे.